सागवानाच्या गावात प्लायचे कपाट

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी अम्मींनी सिंकखालचे दार उघडले आणि ते बिजागरीसकट त्यांच्या हातात आले. स्क्रू बसवले होते तिथे लाकूड उरलेच नव्हते, ओल्या भुशाचा लगदा होता. बोट लावले की खाली सांडत होता. वरचा सनमायका मात्र अजून लखलखत होता, जणू आतल्या भुशाशी त्याचा काही संबंधच नाही.

हे स्वयंपाकघर करून आम्हाला जेमतेम तीन पावसाळे झाले होते. दुकानदाराने रंगीत पुस्तक दाखवले, पांढरा आणि जांभळा असा रंग निवडून दिला, "सगळं वॉटरप्रूफ आहे" म्हणाला. आम्ही मान डोलावली. बिलावर लिहिले होते, 'किचन बोर्ड वर्क, एकूण'. कोणता बोर्ड, किती जाडीचा, कोणत्या दर्जाचा, एक शब्द नाही. आणि आम्ही, दोन शिकलेली माणसे, तो कागद घडी करून फाईलमध्ये ठेवून मोकळे झालो. शेवटचा हप्ता भरून सहा महिनेसुद्धा उलटले नव्हते.

त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, दादीजानची सागवानी आलमारी उभी आहे. आमच्या अब्बांच्या जन्माआधीची. तिचे दार आजही दोन बोटांनी ढकलले तर बंद होते आणि मोठ्या पावसात थोडेसे आवळते, इतकेच. अब्बांनी भुशाचा तो लगदा चिमटीत धरून पाहिला, आलमारीकडे पाहिले आणि फक्त म्हणाले, "आता जे होईल ते सागवानात होईल."

अब्बांच्या म्हणण्याला वजन आहे. बल्लारपूरच्या एका लाकडाच्या टालीवर त्यांनी तीस वर्षे मुन्शीगिरी केली. ओंडक्याचा घेर आणि लांबी सांगा, घनफूट तोंडी काढून देतात. आणि आपला मुलूखही सागवानाचाच. अहेरी तालुक्यातल्या आलापल्लीच्या सागाचे नाव इंग्रजांच्या काळापासून आहे. तिथे जंगलाचा सहा हेक्टरचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाड न लावता राखला आहे, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात त्याला. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कधी भामरागडकडे जाणे झाले तर तिथे मुलांना घेऊन नक्की थांबा. साग म्हणजे काय असतो ते तिथे मान वर करून कळते. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीसुद्धा सागवान नागपूरहूनच गेले.

अशा गावात राहून आम्ही भुसा विकत घेतला, ही अब्बांची खंत. त्यात पुढच्या हिवाळ्यात मोठ्या लेकीचा निकाह. मुलाकडच्यांनी काहीही मागितलेले नाही, तसे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. पण मोहल्ल्यात आलमारी आणि पलंग दिल्याशिवाय लेक निघत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणजे एकाच वर्षात स्वयंपाकघर आणि आलमारी, आणि हातात पैसा मोजका. म्हणून आम्ही या वेळी आधी शिकायचे ठरवले. गेल्या आठ महिन्यांत टालीवर, प्लायच्या दुकानांत आणि मुख्य म्हणजे आरमोरीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पायाशी बसून जे कळले, ते वाचकांसमोर ठेवत आहोत. आमच्यासारखी चूक करून मग शिकण्यापेक्षा हे बरे.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी अब्बांना थांबवले. "मुन्शीजी, तुमी लाकूड मोजलं, मी त्याले घरात वागवलं. सगळा साग घ्याल तर पैसा जाईल आन् दारंबी वाकतील."

त्यांनी आमच्याकडून एका आलमारीचा हिशेब करून घेतला. सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल. दोन बाजू अठ्ठावीस चौरस फूट, वर-खाली सोळा, चार कप्पे बत्तीस, दारे अठ्ठावीस. पाठ सोडून एकशे चार चौरस फूट. एक घनफूट लाकडातून एक इंच जाडीच्या बारा चौरस फूट फळ्या निघतात, तेही कागदावर. म्हणजे पावणेनऊ घनफूट. करवत आणि रंध्यात जाणारा माल धरला तर अकरा-बारा. तेवढीच आलमारी प्लायमध्ये केली तर आठ बाय चारच्या चार पाट्यांत बसते. घनफुटाचा आजचा दर अब्बांना ठाऊक होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण पैशाहून मोठी गोष्ट होती ती वाकण्याची. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. उन्हाळ्यात ते आकसते, पावसाळ्यात फुगते, तेही लांबीत नव्हे, रुंदीत. हे सगळीकडेच होते, पण चंद्रपूरइतके टोकाचे कमी ठिकाणी. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल पाऊण तासात कडक. आणि जुलैत त्याच घरात चादरीला बुरशीचा वास. त्यात आपला कूलर! बाहेर हवा कोरडी आणि खोलीत कूलर दिवसभर ओली हवा कपाटावर मारतो. आमच्या बैठकीतल्या शोकेसचे एकच दार फुगले होते, दुसरे ठीक होते. कारण काय ते आम्हाला चार वर्षे कळले नाही. मिस्त्रींनी आत येताच कूलरच्या खिडकीकडे बोट दाखवले. तोंडासमोर ते एकच दार येत होते.

म्हणून लाकूड कोणते यापेक्षा ते किती वाळलेले, हा प्रश्न आधी विचारायचा. ओल्या फळीचे कपाट दुकानात सरळ दिसते आणि पहिल्या उन्हाळ्यात घरी फाकते. जुन्या सुतारांचा अंदाज असा की एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवा खेळती ठेवून, मध्ये पट्ट्या घालून रचले तर साधारण वर्षभर लागते. उन्हात टाकून घाईने वाळवली की ती टोकांकडून चिरते. भट्टीत वाळवलेला मालही मिळतो. ओलावा मोजायचे छोटे यंत्र आता बऱ्याच मोठ्या दुकानांत असते. संकोच न करता लावून दाखवायला सांगा. दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर घ्या, वीस दाखवले तर ती फळी अजून जंगलातच आहे असे समजा.

दादीजानच्या आलमारीचे दार का टिकले, तेही मिस्त्रींनी उघडून दाखवले. दाराची चौकट कुसू आणि खाच करून जोडलेली आहे. मधली रुंद फळी मात्र चौकटीच्या खाचेत नुसती सोडली आहे, तिला सरस लावलेला नाही. ती आत आकसते, फुगते, तिला हलायला जागा आहे. आजचा कारागीर घाईत तिलाही चिकटवून टाकतो, मग ती कुठेतरी फाटणारच. सागवानी दार करून घेणार असाल तर एवढे एकच वाक्य सांगा, "मधली फळी चिकटवू नका." कारागीर कसा आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

सागातही सगळा साग सारखा नसतो. ओंडक्याचा आतला तपकिरी भाग पक्का. त्यात नैसर्गिक तेल असते, वाळवी सहसा तिकडे वळत नाही. सालीकडचा फिकट, पांढुरका भाग कच्चा; त्याला वाळवीही लागते आणि भुंगाही. पॉलिश मारल्यावर दोन्ही एकाच रंगाचे दिसतात, म्हणून फळ्या पॉलिशआधी पाहायच्या. कच्चा भाग अगदी फेकून देण्याची गरज नाही. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्याने तो आधी चांगला भिजवून, वाळवून, आतल्या कप्प्यांना वापरता येतो. मात्र त्याचे पैसे पक्क्या मालाच्या भावाने देऊ नयेत.

याच सुमारास ती टेंपोची गोष्ट घडली.

मगरिबनंतर एक ओळखीतला ओळखीचा माणूस दाराशी आला. सागाच्या फळ्या आहेत, पक्का माल, बाजारभावाच्या निम्म्यात, रात्रीतून आणून टाकतो. आम्ही खरे सांगायचे तर मनात बेरीज सुरू केली होती. निम्म्या भावात आलमारीही होत होती आणि स्वयंपाकघराची दारेही. अब्बांनी विचारले, "टीपी आहे?" तो हसला. "चाचा, घरच्या कामाला टीपी कोण पाहतो?"

टीपी म्हणजे वन विभागाचा वाहतूक परवाना. साग जंगलातला असो की शेताच्या धुऱ्यावरचा, तो तोडायला परवानगी लागते आणि हलवायला कागद. डेपोतल्या ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का आणि नंबर असतो, तो नंबर कागदावर जुळतो. आरा मशीनवर चिरलेल्या फळीवर शिक्का उरत नाही, म्हणून परवाना असलेल्या आरा मशीनचे किंवा टालीचे पक्के बिल हाच तिचा दाखला. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरा मशीनवरची नजर फार कडक झाली. अब्बांनी ते दिवस टालीवर बसून पाहिले आहेत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली चोरटा माल आणि तो आणणारी गाडी, दोन्ही जप्त होऊ शकतात. आणि अब्बा सांगतात, पकडला जातो तो बहुधा रात्री कुऱ्हाड चालवणारा गरीब पोर. भाव ठरवणारा दिसतही नाही.

तरी त्या रात्री अब्बाही क्षणभर घुटमळले, हे आम्ही लपवणार नाही. नातीची आलमारी होती. बोलल्या त्या अम्मी, आतूनच. "त्या आलमारीच्या वरच्या कप्प्यात पोरगी कुरआन शरीफ ठेवणार आहे. चोरीच्या फळीवर?" टेंपो आला नाही.

सरळ मार्गाने साग घ्यायचा तर बल्लारशा आणि आलापल्लीच्या डेपोंत सरकारी माल लिलावाने विकला जातो. पण एका आलमारीसाठी लिलावात उतरणे आपल्या आवाक्यातले नाही. ओंडका घ्या, चिरून घ्या, वर्षभर वाळवा, एवढी जागा आणि सबुरी कुणाकडे? परवानाधारक टालीवरून, नंबर असलेल्या पक्क्या बिलावर, लागेल तेवढ्याच फळ्या घ्याव्यात. आणखी एक साठा आपण विसरतो, आपली जुनी घरे. कौलारू घर पाडताना निघणारे वासे, तुळया, चौकटी हे पन्नास-साठ वर्षे वाळलेले लाकूड असते, त्याच्याइतके बसलेले लाकूड बाजारात मिळणार नाही. आतल्या खिळ्यांमुळे आरा मशीनवाला कुरकुरतो, खिळे आधी उपटून द्यावे लागतात. आमच्या मामांच्या घराच्या दोन चौकटी अशाच अंगणात पडून होत्या, पोरे त्यावर क्रिकेटचे स्टंप काढत होती.

सागाशिवाय आपल्या जंगलात काय काय आहे, याची यादी मिस्त्रींच्या बोटांवर होती. बिजा मजबूत, पण ओल लागली की पिवळट-तपकिरी रंग सोडतो. पांढऱ्या चादरी ठेवायच्या कप्प्याला नको. (याच लाकडाच्या पेल्यातले पाणी साखरेच्या रोगावर पितात. ते औषध आहे की नाही हा डॉक्टरांचा विषय, डाग पडतो हे मात्र आम्ही पाहिले.) शिवण हलके आणि आपल्या जागी बसून राहणारे, ढोलकीची खोडे करतात ते लाकूड. खणांच्या, म्हणजे ड्रॉवरच्या बाजूंना उत्तम. हळदू पिवळे, मऊसूत, रंध्याखाली लोण्यासारखे, पण वाळवीपुढे दुबळे. ऐन ताकदीचा, पण चिरतो आणि वाकतो, तो तुळईला ठेवावा. आंबा स्वस्त आणि भुंग्याचा लाडका. शिसव आता नावापुरते उरले.

आता प्लायकडे येतो, कारण शेवटी बहुतेक घरांचे काम त्यातच व्हायचे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. पातळ पापुद्रे आडवे-उभे रचून चिकटवलेले असल्यामुळे प्लाय आपल्या हवेत साग्या फळीपेक्षा कमी हलतो. फसवणूक होते ती शब्दांत. 'वॉटरप्रूफ', 'मरीन', 'गर्जन' हे शब्द कुणीही छापू शकतो. नंबर पाहायचा. आयएस ३०३ हा साधा प्लाय. त्यात एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळते पाणी काही काळ सोसणारा. आयएस ७१० म्हणजे खरा मरीन. पाटीवर आयएसआयचा शिक्का, त्यावर हा नंबर आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाईलवर भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला तर कंपनीचे नाव येते. आम्ही दुकानात उभ्या उभ्या पाच पाट्यांचे नंबर टाकले. एका पाटीचे नाव जुळेना. दुकानदाराने ती पाटी स्वतःच बाजूला ठेवली आणि नंतर आमच्याशी फार अदबीने बोलला.

शिक्क्यानंतर कड पाहा. कापलेल्या कडेत पापुद्र्यांमध्ये फटी किंवा एकावर एक चढलेले थर दिसले तर तिथे स्क्रू धरणार नाही. नाण्याने ठोकत जा, पोकळ आवाज कानाला कळतो. जाडी पट्टीने मोजा. अठराचे सोळा निघणे नवे नाही.

प्लायच्या भावंडांत ब्लॉकबोर्ड, ज्याच्या आत लाकडी पट्ट्या असतात, उंच दारांसाठी चांगला; तो प्लायइतका वाकत नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड. तो गुळगुळीत, रंगाला छान, कोरड्या खोलीत चालतो. आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे आमचा तो लगदा. तो कुठेच नको असे आम्ही म्हणणार नाही. भाड्याच्या खोलीत, पुस्तकांच्या छोट्या फडताळाला, चार वर्षांचा हिशेब करून घेतला तर ठीक आहे. सिंकखाली, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, किंवा जिथे पुराचे पाणी येते त्या घरात तो म्हणजे फेकलेले पैसे. २०२२ च्या पावसाळ्यात इरई आणि वर्धेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा आमच्या नात्यातल्या दोन घरांनी ते पाहिले. पाणी ओसरल्यावर लाकडी पलंग वाळवून परत लावता आला, बोर्डाची टीव्हीची मांडणी फावड्याने काढावी लागली.

सिंकखालचा प्रश्न मिस्त्रींनी लाकडाशिवायच सोडवला. "तिथं लाकूड घालताच कायले? पाण्याले दगड द्या जी." ओट्याखालच्या उभ्या आडभिंती कडप्प्याच्या, तळ जमिनीपासून सहा इंच वर ग्रॅनाइटच्या पट्टीवर, आणि लाकडाचे असेल ते फक्त दार. दार खराब झाले तरी एक दार बदलते, सगळा ओटा मोडावा लागत नाही. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात कडप्प्याची फडताळे होतीच. ती आम्ही 'जुनाट' म्हणून काढून टाकली होती आणि त्यातला एक कडप्पा अजून अंगणात कपडे धुवायला आहे.

आता वरच्या पृष्ठभागाचे. दुकानात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि खरे तर सगळ्यात कमी जायला हवा. सनमायका, म्हणजे लॅमिनेट, आजही घरकामाला सगळ्यात सोसणारा आहे. बाहेरून एक मिलिमीटर जाडीचा घ्या. दाराच्या आतल्या बाजूलाही पातळ का होईना लॅमिनेट लावा. एकाच बाजूला लावले की दुसरी बाजू ओलावा पीत राहते आणि दार धनुष्यासारखे वाकते. आतून नुसता रंग मारून वाचवलेले पैसे इथे निघून जातात. मेम्ब्रेन, म्हणजे एमडीएफवर ताणून बसवलेला प्लास्टिकचा पापुद्रा, दिसायला सुरेख असतो, पण शेगडीच्या शेजारी उष्णतेने कडेपासून सुटतो. अ‍ॅक्रिलिक आरशासारखा, आणि घासणीचा एक हात फिरला की त्या आरशावर ओरखडे. आमच्याकडे रमजानमध्ये सेहरीला अर्धवट झोपेत ओटा पुसला जातो. ज्या घरात असे होते त्या घराने आरसा न्हाणीघरातच ठेवावा.

चंद्रपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट, जी मुंबईच्या रंगीत पुस्तकात नसते. आपल्याकडे कोळशाच्या खाणी आहेत आणि २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. खिडकीच्या कठड्यावर सकाळी बोट फिरवले तर काय लागते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून उभ्या खाचांची, नक्षीची, पांढरी खरखरीत दारे टाळा. ती काळी धूळ खाचेत एकदा बसली की ओल्या फडक्याने अजून आत जाते. सपाट दार, मधला राखाडी किंवा लाकडी रंग. लेकीला पांढरे हवे होते. तिने स्वतः नमुन्याचा तुकडा आठ दिवस खिडकीत ठेवला आणि मग विचार बदलला.

कडांचे मात्र वाचवू नका. बोर्ड पाणी पितो तो समोरून नाही, कापलेल्या कडेने. आमचेही तिथूनच गेले. चारही कडांना, खालच्या न दिसणाऱ्या कडेलासुद्धा, पट्टी मारून घ्या. बिजागरी, चॅनेल, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

खऱ्या लाकडाला चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश सगळ्यात देखणे, पण गरम पातेले ठेवले की पांढरा गोल डाग. ते आलमारीला ठेवा. स्वयंपाकघराला मेलामाइन किंवा पीयू. अळशीचे तेल चोळणे हा घरच्या घरी करता येणारा उपाय आहे, फक्त एक खबरदारी घ्या. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि आपल्या मे महिन्यात तर भीती अधिक. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नव्या बोर्डाचा तो डोळे चुरचुरवणारा वास असतो, तो चिकटवायच्या रसायनातल्या फॉर्मल्डिहाइडचा. उष्णतेत तो जास्त सुटतो. लेबलवर ई-१ किंवा ई-० लिहिलेला माल घ्यावा, कापलेल्या सगळ्या कडा बंद कराव्यात, आणि काम झाल्यावर काही दिवस दारे उघडी ठेवून खोलीत हवा खेळू द्यावी. तान्हे मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर त्या खोलीत लगेच झोपवू नये.

शेवटी आमच्याकडे असे ठरले. ओट्याखाली कडप्पा, दारे आयएस ७१० च्या प्लायची, दोन्ही बाजूंनी सनमायका. लेकीच्या आलमारीचा सांगाडा बीडब्ल्यूआर प्लायचा. दारांच्या चौकटी मामांच्या घराच्या त्या जुन्या सागाच्या, मधल्या फळ्या सोडलेल्या, न चिकटवता. अब्बांनी "सांगाडा प्लायचा" यावर तीन दिवस तोंड फिरवले. मग चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "आधी उकळून पाहू."

दुकानातून दोन तुकडे आणले, एक आमच्या निवडीचा आणि एक स्वस्त एमआर. अम्मींनी बिर्याणीची जुनी फुटकी डेग काढून दिली. अंगणात तीन विटांवर ती ठेवली, तुकडे तरंगू नयेत म्हणून वर पाटा. फजरनंतर चूल पेटली, पाणी आटले की लेक टाकत होती, आणि अब्बा खुर्ची घेऊन शेजारी, टालीवर बसत तसे. जोहरपर्यंत स्वस्त तुकड्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. दुसरा आठ तासांनी बाहेर काढला. अब्बांनी तो वाळू दिला, नखाने कड उकरून पाहिली, पटाशी मागवली, पटाशीने उचकटून पाहिले. थर सुटले नाहीत. मग त्यांनी पेन्सिल घेऊन त्यावर तारीख लिहिली, जशी ओंडक्यावर लिहीत असत, आणि मिस्त्रींना फोन लावायला सांगितला.